काळ्याचं पांढरं करताना

'नॅचरल ब्लॅक' नावाचा रंग निसर्गात कुठेही सापडत नाही. कावळ्याचीसुद्धा मान राखाडी असते. हा रंग सापडतो साठीच्या आसपासच्या डोक्यांवर, आणि तोही लग्नसराईत किंवा निवडणुकीच्या तोंडावर. आदल्या रात्री बाथरूमचं दार आतून बंद होतं, जुना टूथब्रश कामाला लागतो, आणि सकाळी घरातली सगळी माणसं एकमेकांकडे बघतात. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. शेवटी घरातलं सर्वांत लहान पोर तोंड उघडतं आणि व्हायचं ते होतं.

हे दुःख एकट्या आजोबांचं नाही. मुलाखत पुढच्या सोमवारी असताना या रविवारी बर्गंडी होऊन बसलेली कन्या आहे. 'चेस्टनट ब्राउन' म्हणून लावायला घेतलेल्या आणि डांबरी काळ्या होऊन उठलेल्या वहिनी आहेत. पाकिटावरच्या बाईचे केस मुळात कुठल्या रंगाचे होते, हे पाकीट सांगत नाही. वहिनींचे काळे होते. काळ्यावर तपकिरी लावून तपकिरी येत असता तर काळ्या पाटीवर पेन्सिलीऐवजी कोळशाने लिहिता आलं असतं.

तर प्रश्न असा की हे आता काढायचं कसं. आणि तेही घरच्या घरी, कारण पार्लरमधली मुलगी हसेल.

कलप लावायचा कसा हे माहितीपत्रकात चित्रांसकट दिलेलं असतं. काढायचा कसा, यावर ते गप्प. ही पोकळी मग नातेवाईक भरून काढतात. काकूंचा लिंबू, मावशीचा सोडा, भाच्याचं व्हिटॅमिन सी. खालच्या मजल्यावरचे काका छातीठोकपणे सांगतात, "भांड्याच्या साबणाने चार दिवस धुवा, माझा असाच गेला होता." काकांना पूर्ण टक्कल आहे, तेव्हा त्यांच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवायला जागा नाही.

आधी शत्रू कुठे बसलाय ते बघू. केसाच्या बाहेरच्या अंगाला एकावर एक खवले असतात, आत गाभा, आणि गाभ्यात आपला जन्माचा रंग. पक्क्या कलपातला अमोनिया हे खवले फुगवून उघडतो. मग आत शिरतो तो रंग नव्हेच. आत शिरतात ती चिमुकली, जवळजवळ बिनरंगी रसायनं. त्यांतलं मुख्य पॅरा-फेनिलिनडायअमिन, लाडाने पीपीडी. दुसऱ्या बाटलीतला हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना आत गाठतो, त्यांची आपसांत लग्नं लावून देतो, आणि तयार होतात मोठे, रंगीत रेणू. लाडवाच्या बरणीत मोकळा हात सहज जातो, लाडू धरलेली मूठ बाहेर निघत नाही. पक्का कलप पक्का असतो तो एवढ्यामुळेच. लिंबू, साबण, सोडा ही सारी मंडळी बरणी बाहेरून घासत बसतात.

दुसरी फसगत याहून वाईट. त्याच पेरॉक्साइडने आतला तुमचा स्वतःचा रंगही थोडा उडवलेला असतो. म्हणजे उद्या कलप निघालाच, तरी खाली मूळचे केस तुमची वाट पाहत थांबलेले नसतात. 'आधी होतं तसं करून दे' हा हट्ट घेऊन जे बसतात, त्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

युजीन शुएलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1907 च्या सुमारास पॅरिसमध्ये असे रासायनिक कलप बनवून केशकर्तनालयांना विकायला सुरुवात केली आणि 1909 मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरिअल झाली. पहिल्या नावात त्याने 'निरुपद्रवी केशरंग' असं आवर्जून घातलं होतं. दुकानाच्या पाटीवर 'आमच्याकडे भेसळ होत नाही' असं लिहावं लागलं, की गिऱ्हाईक आधी काय समजायचं ते समजतं. पुढे 2006 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने पीपीडीला 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून निवडलं. असा मान खरोखर दरवर्षी दिला जातो. शाल-श्रीफळ देत नाहीत एवढंच.

आता घरगुती औषधालय उघडू.

लिंबू. लिंबाचा रस लावून उन्हात बसा, असं सांगतात. त्याने जन्मजात रंग थोडा उडतो, बरणीतला लाडू जागेवर राहतो. रस ओघळून कपाळावर आणि मानेवर येतो, आणि लिंबाचा रस, कातडी व ऊन हे तिघे एकत्र आले की कातडी भाजते, वर तपकिरी डाग राहतात. ते आठवडेच्या आठवडे जात नाहीत. केस काळेच, आणि आता कपाळही काळं.

सोडा. निरोपात नुसतं 'सोडा लावा' असं असतं. कुठला, ते नसतं. घरात तीन असतात. खायचा सोडा सौम्य असतो, शाम्पूत मिसळला तर खवले जरा उघडून वरवरचा थोडा रंग नेतो आणि केस झाडूगत करतो. धुण्याचा सोडा त्याच्या कितीतरी पट जहाल, तो डोक्याच्या वाऱ्यालाही नको. तिसरा बाटलीतला. तो पाहुणे गेल्यावर आजोबांनी स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा, पण केसांवर नव्हे.

भांड्याचा साबण. तेलकट कढईसाठी बनवलेली वस्तू टाळूवरचं तेलही तेवढ्याच निष्ठेने काढते. रंग मागे राहतो, खाज पुढे येते.

व्हिटॅमिन सी. या यादीत शास्त्राचा वास असलेलं हे एकच नाव. कलप ऑक्सिडीकरणाने जमतो आणि ॲस्कॉर्बिक आम्ल नेमकं उलटं काम करतं. म्हणून साध्या पांढऱ्या गोळ्यांची पूड शाम्पूत कालवून, टोपीखाली अर्धा-पाऊण तास ठेवली तर ताजा रंग एखाद-दुसरी छटा उतरू शकतो. धुऊन जाणारा, कच्चा रंग जरा जास्त उतरतो. 'उतरू शकतो' हे शब्द मी मुद्दाम वापरलेत. डोक्यावर ओरखडा किंवा पुरळ असेल तर या वाटेला जाऊ नका, झोंबून नाचाल. आणि भाचा ज्या चघळायच्या नारंगी गोळ्या आणतो, त्यांत साखर आणि रंगही असतो. त्या कुटून डोक्याला थापल्या तर रंग उतरेल न उतरेल, मुंग्या नक्की चढतील.

कोंड्याचा शाम्पू. हा गरीब बिचारा खरा कामाचा, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही, कारण तो चमत्कार करत नाही. कलपाच्या पाकिटावर 'रंग टिकवण्यासाठी' म्हणून सूचना असतात. कडक शाम्पू नको, गरम पाणी नको, रोज धुऊ नका. त्या सगळ्या उलट्या करा. कडक शाम्पू, सोसेल इतकं गरम पाणी, रोज धुणं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त निघतो, म्हणून रडत बसण्याचा वेळ धुण्यात घालवावा. डांबरी काळ्याचा साधा काळा होईल. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं, आणि जगाचंही. लोक तुमच्या केसांकडे तुम्हाला वाटतं तितक्या वेळा बघत नाहीत. त्यांना स्वतःचे असतात.

खोबरेल. पक्का कलप तेलाने निघत नाही. पण एवढं सगळं धुऊन-घासून केसांतली प्रथिनं निघून जातात, ती खोबरेल बऱ्याच अंशी वाचवतं. आरती रेळे आणि मोहिले यांनी मुंबईत केलेलं संशोधन 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली तेव्हा केसांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. कारण त्याचे रेणू आत शिरू शकतात. संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलंच होतं, हेही सांगायला हवं. तरी आजीने हे फुकट सांगितलं होतं तेव्हा आपण नाक मुरडलं होतं, हेसुद्धा त्याबरोबर.

इथवर सगळं माफक. खरी धोक्याची माणसं पुढे आहेत. पहिला म्हणतो, "त्यात काय, वरून फिकट रंग लावून टाक." कलपावर कलप लावून फिकट होत नाही. आधीचा रंग पुढच्या कलपाला बधत नाही, आणि काळ्यावर तपकिरी लावलं की काळं अधिक गडद काळं होतं. दुसरा ब्लीच आणतो. चेहऱ्याला लावायचं उरलेलं, ड्रेसिंग टेबलाच्या खणातलं.

ब्लीचने रंग निघतो, हे खरं आहे. प्रश्न आहे कुठल्या टप्प्यावर थांबतो याचा. काळा केस थेट सोनेरी होत नाही. तो आधी तांबडा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. काळ्यातून निघालेला माणूस वाटेत भगवा होतो, याला पक्षप्रवेश समजू नये. हे रसायनशास्त्र आहे, आणि यात पुन्हा स्वगृही परतता येत नाही. घरगुती ब्लीचचे बहुसंख्य प्रयोग नारिंगी मुक्कामावर संपतात. त्यातही मुळांशी टाळूची ऊब असते, म्हणून मुळं आधी उजळतात, आणि टोकाला जुन्या कलपांचे थरावर थर असतात, म्हणून टोकं काळीच राहतात. वर पिवळा, मध्ये नारिंगी, खाली काळा. असा झेंडा अजून कुठल्या देशाने घेतलेला दिसत नाही.

पेरॉक्साइडच्या बाटलीवर 'व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. 20 म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9 टक्के, 40 म्हणजे 12 टक्के. रेडिओचा आवाज वाढवावा तसा हा आकडा वाढवणारे लोक आहेत. 40 ने काम लवकर होतं आणि टाळू त्याहून लवकर भाजते. बाहेर बाजारात कलप उतरवण्याची खास रसायनंही मिळतात. ती ब्लीच नव्हेत. ती आतल्या जोडलेल्या रेणूंची जोडी तोडतात, म्हणजे मुठीतला लाडू फोडतात, आणि मग तो चुरा धुऊन काढायचा असतो. वास कुजक्या अंड्याचा येतो. माणूस दहा मिनिटांत कंटाळून टॉवेल गुंडाळतो, चुरा आतच राहतो, हवेतला प्राणवायू त्याची पुन्हा लग्नं लावून देतो, आणि दुसऱ्या दिवशी आरशात जुने आजोबा हजर. पाण्याच्या टाकीकडे न बघता धुणं, हा या उपायाचा अर्धा भाग आहे. ज्या शहरात पाणी एक दिवसाआड येतं, तिथे तो करू नये.

आणि मेंदी. इथे सगळे हात टेकतात. मेंदीच्या पानातला लॉसोन केसाच्या केरॅटिनला जाऊन चिकटतो तो कायमचा. वर सांगितलेलं कलप-उतरवणारं रसायन त्याला काही करू शकत नाही. 'मेंदी नैसर्गिक असते, सहज निघते' असं सांगणाऱ्यांनी निसर्गाचा अनुभव घेतलेला नसतो. निसर्ग सहज सोडत नाही. त्याहून बनेल म्हणजे काळी मेंदी. मेंदीच्या पानाला काळा रंग येत नाही, कुठल्याही नवसाने येत नाही. ते फक्त लालसर नारिंगी देतं. पुडीतली मेंदी काळी होते ती बहुधा पीपीडीने, नाहीतर निळीच्या पानांनी. निळीवर ब्लीच लावलं की केस हिरवट होतात. काही जुन्या, हळूहळू काळं करणाऱ्या द्रव्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडला की डोकं शब्दशः तापतं आणि केस तुटून हातात येतात. म्हणून डोक्यावर काहीही नवीन घालण्याआधी कंगव्यातल्या चार केसांवर ते करून बघावं. वाटी गरम झाली, फेस आला, तर डोकं वाचलं समजावं.

थोडं थोरामोठ्यांकडे वळू, कारण कलपाचे खरे आश्रयदाते तेच. 2002 मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर एका वृत्तसंस्थेविरुद्ध कोर्टात गेले. कुणीतरी म्हणालं होतं की ते केसांना कलप लावतात. कोर्टाने ते विधान पुन्हा करायला मनाई केली आणि साहेबांचे केस कायदेशीररीत्या काळे ठरले. आपल्याकडे अशी दाद मागायला लोक गेले, तर न्यायालयांना दुसरं काम उरणार नाही. 2020 च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदेत ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांच्या दोन्ही गालांवरून काळे ओघळ आले आणि जगभर कलपाला नावं ठेवली गेली. तो कलपावर अन्याय होता. पक्का कलप घामाने ओघळत नाही. केशतज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं की हे वरवर फासलेलं, मस्काऱ्यासारखं काहीतरी असावं. यातला उपयोगाचा धडा एवढाच की जो रंग घामाने उतरतो तो शाम्पूने एका धुण्यात उतरतो, त्याच्यासाठी लिंबाची आयात करू नका.

खात्रीचा उपाय मात्र चीनने दाखवला. तिथले बडे नेते पिढ्यान्‌पिढ्या एकाच काळ्या छटेत दिसत आले. माजी सुरक्षाप्रमुख चोउ योंगकांग त्यांतलेच. 2015 च्या जूनमध्ये त्यांना जन्मठेप झाली तेव्हा दूरचित्रवाणीवर दिसले ते पांढरेशुभ्र. कोठडीत कलप मिळत नाही. कसली पूड नाही, ब्लीच नाही, सगळा रंग आपोआप निघाला. आपल्याकडच्या काही डोक्यांना हाच उपाय लागू पडेल असं वाचकांना वाटत असेल, तर ते त्यांनी मनातच ठेवावं.

कायद्याचं एक कलम बाकी आहे. पीपीडी असलेल्या कलपाच्या पाकिटावर आपल्याकडे इशारा छापणं बंधनकारक आहे. आधी थोडंसं लावून चाचणी घ्या, आणि पापण्यांना किंवा भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. हा मजकूर मुंगीच्या अक्षरांत असतो. तो वाचायला लागणारा चष्मा कलप लावताना काढून ठेवलेला असतो. मिशांबद्दल त्या इशाऱ्यात काही नाही. महाराष्ट्रात मिशीला नको म्हणण्याची हिंमत सरकारला झाली नसावी. चाचणीला 48 तास थांबायचं असतं. आदल्या रात्री लग्न आठवणाऱ्या समाजात 48 तास कुठून आणायचे?

कपाळावरचे आणि कानावरचे डाग हा विषय फार मोठा केला जातो. कातडीचा वरचा थर रोज झडतच असतो, डाग काही दिवसांत स्वतःच जातात. घाई असेल तर तेल लावून मऊ कापडाने पुसा. पुढच्या वेळी कलपाआधी केसांच्या कडेने व्हॅसलीन लावा. बाथरूमच्या फरशीवरचा डाग ज्या द्रवाने निघतो तो कपाळाला लावू नका. असं लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण लोक लावतात. गटार साफ करायच्या त्याच जातीच्या काही द्रवांत केस अख्खा विरघळतो. जाळीत अडकलेले केस काढायला ते बनवलेलेच आहेत.

मग राहिलं काय? कात्री आणि कॅलेंडर. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आजोबांचं काम दोन-तीन महिन्यांत एका बारीक कटिंगवर भागतं, खर्च न्हाव्याचा. वहिनींचे केस कमरेपर्यंत असतील तर हिशेब वर्षांचा आहे. त्यांनी पार्लर गाठावं आणि मुलीला हसू द्यावं, तिचा तो हक्क आहे. फक्त तिथे खुर्चीत बसल्यावर गेल्या दोन वर्षांत डोक्याला काय काय लावलं ते खरं सांगा. काळी मेंदी, निळीची पूड, नवऱ्याच्या बाटलीतला उरलेला कलप, परवाचा सोडा, सगळं. वय विचारलं तर खुशाल पाच वर्षं कमी सांगा, त्याने केस तुटत नाहीत.